भूल, सहा दात आणि रोजचा ब्रश: बंड्या व जाई यांच्या दातांच्या उपचारांची हकिकत

३ जानेवारीच्या रात्री बंड्या माझ्या उशीशी येऊन जांभई देत आडवा झाला आणि त्याच्या तोंडाचा वास इतका उग्र आला की मी उठून बसले. तो वास मला नवा नव्हता. वर्षभर तो येत होता आणि कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच, असे मी धरून चालले होते. बंड्या दहा वर्षांचा, लहान चणीचा, जेमतेम साडेसहा किलो वजनाचा आहे. तो वेळेवर जेवत होता, खेळत होता, दारावरची बेल वाजली की भुंकत होता. काही महिन्यांपासून त्याला अधूनमधून शिंका येत आणि डाव्या नाकपुडीतून थोडे पाणी गळे. ते धुळीमुळे होत असावे, असा माझा समज होता. त्या शिंकांचा दाताशी संबंध असेल, हे मला सुचणेच शक्य नव्हते.

पुढच्या पाच महिन्यांत बंड्या आणि आमची मांजर जाई, या दोघांनाही दातांसाठी भूल द्यावी लागली. त्या काळात मला सर्वांत जास्त भीती भुलेची वाटली आणि त्या भीतीपायी आणखी वर्षभर मी काहीच केले नसते, अशीही शक्यता होती. ज्यांना डॉक्टरांनी नुकतेच 'भूल देऊन दात साफ करावे लागतील' असे सांगितले आहे, त्यांच्यासाठी घडले तसे क्रमाने लिहीत आहे.

८ जानेवारीला आम्ही दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी बंड्याचे ओठ दोन्ही बाजूंनी उचलून पाहिले आणि पहिला प्रश्न विचारला, की याचे दात कधी खरवडून घेतले होते का. घेतले होते. दीड वर्षापूर्वी केस कापायला नेले असता तेथे भूल न देता, त्याला धरून ठेवून, दातांवरचे कीटण काढून देतात असे कळले आणि मी ते करून घेतले. दात लगेच पांढरे दिसू लागले, म्हणून मला समाधानही वाटले होते. डॉक्टरांनी मला खुर्चीवर बसवून शांतपणे समजावले, की दाताचा दिसणारा भाग स्वच्छ झाला तरी आजार हिरडीच्या खाली वाढतो आणि जागा असलेला प्राणी तेथे अवजार लावू देत नाही. शिवाय नुसते खरवडल्याने दातावर बारीक चरे पडतात आणि नंतर पॉलिश केले नाही, तर त्या चऱ्यांत थर अधिकच लवकर धरतो. पशुदंतवैद्यांच्या संघटनांचा आणि जागतिक लघुप्राणी पशुवैद्यक संघटनेचाही भूल न देता केलेल्या अशा सफाईला विरोध आहे, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळले.

त्यांनी सांगितलेले मी घरी येऊन वहीत उतरवले. जेवणानंतर दातांवर जिवाणूंचा मऊ, चिकट थर बसतो, त्याला प्लाक म्हणतात. तो पुसला गेला नाही, तर लाळेतील क्षारांमुळे दोन-तीन दिवसांत त्याचे कठीण कीटण होऊ लागते आणि मग ते ब्रशने निघत नाही. हिरडी लाल होऊन सुजते, तेव्हा आजार पहिल्या पायरीवर असतो आणि तेथून तो पूर्ण बरा होऊ शकतो. त्यापुढे दाताला धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचे हाड झिजू लागले, की गेलेले हाड सहसा परत येत नाही. दाताचा आधार पाव भागाहून कमी गेला असेल तर दुसरी पायरी, पाव ते निम्मा गेला असेल तर तिसरी आणि निम्म्याहून अधिक गेला असेल तर चौथी. लहान चणीच्या कुत्र्यांत हे लवकर घडते, कारण छोट्या जबड्यात तेवढेच ४२ दात दाटीने बसलेले असतात.

त्याच भेटीत डॉक्टरांना बंड्याच्या हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांमधला जादा आवाज, ऐकू आली, सहांपैकी तिसऱ्या श्रेणीची. त्या क्षणी माझा धीर सुटला. दहा वर्षांचे वय, हृदयाचा दोष आणि वर भूल. मी विचारले, की राहू द्यायचे का. त्या म्हणाल्या, "नको म्हणण्याआधी हृदय नीट पाहून घेऊ. तोंडात मुरलेला जंतुसंसर्ग तसाच ठेवणे हासुद्धा एक निर्णय आहे आणि त्याचेही परिणाम होतात." मी फक्त प्रतिजैविकांचा कोर्स मागितला. त्यांनी तो दिला नाही. औषधाने वास आठ-दहा दिवस कमी होईल, पण हिरडीखालचे कीटण आणि हलणारा दात जागच्या जागी राहील, असे त्यांचे म्हणणे होते. मला तेव्हा ते थोडे कठोर वाटले, पण त्या बरोबर होत्या.

रक्ततपासणी ११ जानेवारीला झाली. तीत रक्तपेशींची मोजणी, मूत्रपिंड, यकृत आणि साखर एवढे होते. हृदयाच्या इकोसाठी, म्हणजे ध्वनिलहरींनी हृदय पाहण्याच्या तपासणीसाठी, दुसऱ्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी मिळाली आणि तेथील पहिली मोकळी वेळ होती २९ जानेवारीची. ते अठरा दिवस मला फार जड गेले. येथे एक उपयोगाची गोष्ट सांगते: वेळ घेतानाच मी रद्द झालेल्या वेळांच्या यादीत नाव नोंदवायला हवे होते. ती सोय असल्याचे मला २९ तारखेला तेथे बसल्यावर कळले. इकोत झडप गळत असल्याचे दिसले, पण हृदयाचा आकार वाढलेला नव्हता. अहवालावर या अवस्थेचे 'बी-१' असे नाव लिहिलेले होते आणि खाली एक ओळ होती, की योग्य काळजी घेऊन भूल देण्यास हरकत नाही. त्या ओळीची छायाप्रत मी आजही जपून ठेवली आहे.

मग खर्चाचे अंदाजपत्रक आले. त्यात दोन रकमा होत्या आणि वरची रक्कम खालच्या रकमेच्या जवळपास अडीचपट होती. हा फरक पाहून मी गोंधळले, परंतु त्याचे कारण सरळ होते: किती दात काढावे लागतील, हे भूल दिल्यानंतर एक्स-रे काढल्यावरच कळते. म्हणून वरची रक्कम हाताशी आहे असे धरूनच तारीख घ्यावी. बाबवार अंदाजपत्रक मागून घ्यावे आणि दातांचे एक्स-रे, घरी द्यायची वेदनाशामके, टाके पाहण्याची भेट या गोष्टी त्यात धरल्या आहेत की नाहीत, हे लेखी विचारावे. आमच्या बाबतीत प्रत्यक्ष सफाईपेक्षा भूल आणि भुलेतील देखरेख यांचा वाटा मोठा होता. स्वस्त दर सांगणाऱ्या आणखी एका ठिकाणी मी चौकशी केली, तेव्हा तेथे दातांच्या एक्स-रेची सोयच नसल्याचे कळले आणि मी तो विचार सोडला.

विम्याचे प्रकरण वेगळेच निघाले. बंड्याचा विमा होता. त्या कंपनीने पूर्वमंजुरीसाठी मागील दोन वर्षांच्या सर्व नोंदी मागितल्या. मी त्या दवाखान्यातून काढून घेतल्या आणि पाठवण्यापूर्वी वाचल्या, तर दोन वर्षांपूर्वीच्या लसीकरणाच्या भेटीखाली लिहिलेले होते: 'दातांवर कीटण, सफाई सुचवली.' मला ते सांगितलेले होते. मी मान डोलावली असणार आणि विसरून गेले असणार. ती ओळ वाचून मी बराच वेळ तशीच बसून राहिले. सफाईचा खर्च पॉलिसीत बसत नव्हता. दात काढण्याचा काही भाग मिळाला, तोही त्या जुन्या नोंदीमुळे कापून, आणि त्यासाठी दातांचा तक्ता, एक्स-रेच्या फाइली व बाबवार बिल असे तीन वेळा पाठवावे लागले. अंतिम उत्तर २० मार्चला आले. ज्यांचा विमा आहे त्यांनी उपचारांपूर्वीच दंतोपचारांचे कलम शब्दशः वाचावे आणि डॉक्टरांनी सुचवलेली सफाई वेळेवर करून तिची नोंद ठेवावी.

उपचारांची तारीख १२ फेब्रुवारी होती. आदल्या रात्री दहानंतर अन्न बंद, पाणी मात्र सकाळपर्यंत चालू, अशी लेखी सूचना होती. सकाळी आठला संमतीपत्र भरताना तीन प्रश्नांवर माझा हात थांबला. हृदय बंद पडल्यास पुनरुज्जीवनाचे प्रयत्न करायचे का. फोन लागला नाही, तर आवश्यक ते दात काढण्यास परवानगी आहे का. आणि किती खर्चापर्यंत न विचारता पुढे जावे. हे प्रश्न काउंटरवर उभ्याने पहिल्यांदा वाचण्यासारखे नाहीत. संमतीपत्र आदल्या दिवशी मागून घ्यावे आणि घरच्यांशी बोलून ठरवून ठेवावे. मी ताईला फोन करून तिथल्या तिथे ठरवले आणि अनामत म्हणून खालच्या रकमेचा निम्मा भाग भरला.

भुलेबद्दल मी आधीच विचारून ठेवले होते आणि मिळालेल्या उत्तरांनी मला धीर आला. श्वासनलिकेत नळी घालून तिचा फुगा फुगवतात, त्यामुळे तोंडातील पाणी आणि कीटणाचे कण फुप्फुसात जात नाहीत. हृदयामुळे सलाईनचा वेग कमी ठेवला जाणार होता. रक्तदाब, प्राणवायू, श्वासातील कार्बन डायऑक्साइड आणि हृदयाचा आलेख या गोष्टी पाहण्यासाठी एक व्यक्ती केवळ तेवढ्यासाठीच उभी राहणार होती. लहान प्राण्याचे शरीर भुलेत पटकन गार पडते, म्हणून उबदार पांघरूणही असणार होते. दाताच्या मज्जातंतूजवळ बधिरतेचे इंजेक्शन दिल्याने मुख्य भूल कमी लागते, हेही कळले. आपल्या डॉक्टरांना हे प्रश्न विचारण्यात संकोच बाळगू नये. माझ्या डॉक्टरांनी एकाही प्रश्नाला घाईने उत्तर दिले नाही.

११ वाजून २० मिनिटांनी फोन आला. डाव्या वरच्या सुळ्याच्या टाळूकडील बाजूस, दात आणि हिरडी यांच्यामधल्या फटीत, मोजपट्टी ९ मिलिमीटर आत गेली होती. कुत्र्यात ही फट ३ मिलिमीटरपर्यंत सामान्य मानतात. सुळ्याचे मूळ दिसणाऱ्या दातापेक्षाही लांब असते आणि त्याच्या व नाकाच्या पोकळीमध्ये हाडाचा अगदी पातळ पडदा असतो. बंड्याच्या बाबतीत तो पडदा झिजून तोंडातून नाकात वाट तयार झाली होती. शिंका आणि डाव्या नाकपुडीतले पाणी तेथून येत होते. बाहेरून तो सुळा पांढरा होता, हलतही नव्हता. त्याखेरीज खालचे तीन पुढचे दात आणि उजव्या वरच्या दोन उपदाढा (सुळे आणि दाढा यांच्यामधले दात) चौथ्या पायरीवर होत्या. असे एकूण सहा दात काढायचे होते. उजवीकडच्या खालच्या पहिल्या मोठ्या दाढेजवळ ५ मिलिमीटरची फट होती. तेथे पाव भागाच्या आतच हाड गेले असल्याने मूळ साफ करून ती दाढ ठेवता येईल, पण लहान कुत्र्यांत याच जागी हाड फार झिजले तर जबडा मोडू शकतो, म्हणून पुढे तिच्यावर लक्ष ठेवावे लागेल, असे डॉक्टर म्हणाल्या. मी होकार दिला. फोन ठेवल्यावर मला रडू आले, कारण इतके महिने तो हे सगळे घेऊन माझ्याबरोबर खेळत होता.

संध्याकाळी सहाला बंड्या घरी आला. पहिल्या रात्री तो एकसारखा कण्हत होता. ते दुखण्यापेक्षा भुलेच्या उतारामुळे होते, असे रात्रीच्या फोनवर कळले, आणि पहाटे तो गाढ झोपला. दोन दिवस लाळेत गुलाबी छटा होती. चौदा दिवस मऊ अन्न, चावायचे खेळणे नाही, दोरी ओढण्याचा खेळ नाही, आणि जखमेवर पंजा जाऊ नये म्हणून गळ्यात कॉलर. टाके आपोआप विरघळणारे होते. वेदनाशामक ठरलेल्या वेळी द्यावे, दुखते आहे असे वाटण्याची वाट पाहू नये. आपल्या घरातली माणसांची वेदनाशामके प्राण्यांना कधीही देऊ नयेत. पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते आणि आयबुप्रोफेन कुत्रा व मांजर दोघांनाही घातक ठरते. चौथ्या दिवशी बंड्याने स्वतःहून चेंडू आणून माझ्या पायाशी टाकला. तो मला उचलून कपाटात ठेवावा लागला. तिसऱ्या आठवड्यानंतर त्याला शिंक आलेली नाही.

२६ फेब्रुवारीला टाके दाखवायला जाताना मी जाईलाही बरोबर नेले. ती सात वर्षांची आहे. बंड्याचे सगळे पाहून झाल्यावर मी तिच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले होते: ती वाटीशी उत्सुकतेने यायची, एखादा घास डाव्या बाजूने उचलताना टाकून द्यायची आणि मान वाकडी करून उजवीकडून खायची. अंगही पूर्वीसारखे चाटत नव्हती. डॉक्टरांनी खालच्या डाव्या जबड्यातील पहिल्या उपदाढेला, म्हणजे सुळ्यामागच्या पहिल्याच दाताला, कापसाची काडी हलकेच लावली आणि जाईचा जबडा थरथरला. त्या दाताच्या तळाशी हिरडीचा एक लालभडक ठिपका वर चढलेला होता.

मांजरांत दात विरघळण्याचा एक आजार असतो, त्याला दंतशोषण म्हणता येईल. शरीरातीलच पेशी दात खाऊ लागतात. त्याचे मूळ कारण अजून निश्चित झालेले नाही आणि रोज ब्रश केल्यानेही तो टळतो असे नाही. हे ऐकून मला, खरे सांगायचे तर, थोडे हलके वाटले. एक्स-रेशिवाय येथेही पुढे जाता येत नाही, कारण एका प्रकारात मूळ शाबूत असते आणि ते संपूर्ण काढावे लागते, तर दुसऱ्या प्रकारात मुळाचे रूपांतर हाडात होत असते आणि तेव्हा वरचा भाग काढून हिरडी शिवली तरी पुरते. ९ मार्चला जाईला भूल दिली. तिचा प्रकार दुसरा निघाला. बाकीचे २९ दात चांगले होते आणि हिरड्यांच्या फटी १ मिलिमीटरच्या आत होत्या.

मांजर असलेल्यांनी दोन गोष्टी आवर्जून विचाराव्यात. तोंड उघडे ठेवायला स्प्रिंगचे ताणणारे साधन वापरतात का, हे विचारावे, कारण मांजराचा जबडा फार ताणला गेला तर मेंदूकडे आणि डोळ्यांकडे जाणारा रक्तप्रवाह अडून दृष्टी जाऊ शकते. आमच्याकडे लहान आधार वापरून तो मधूनमधून काढला जात होता. आणि घरी आल्यावर चोवीस तासांत मांजर जेवले नाही, तर लगेच कळवावे, कारण उपाशी राहिल्याने मांजराच्या यकृतावर परिणाम होतो. जाईने त्याच रात्री वाटी रिकामी केली, डाव्या बाजूने खाऊन.

आता ब्रशविषयी. बंड्याच्या हिरड्या भरल्यावर २७ फेब्रुवारीपासून आम्ही सुरुवात केली. पहिला आठवडा फक्त प्राण्यांच्या पेस्टची चव बोटावर दिली. दुसरा आठवडा बोटाला मऊ कापड गुंडाळून सुळ्यांवरून फिरवले. तिसऱ्या आठवड्यात लहान डोक्याचा, अगदी मऊ ब्रश आणला. तोंड उघडावे लागत नाही. ओठ उचलून दातांच्या बाहेरील बाजूवर, हिरडीच्या कडेला ब्रश तिरका धरून फिरवला की पुरे, कारण आतील बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते. एका बाजूला अर्धे मिनिट लागते. माणसांची पेस्ट वापरू नये. प्राणी चूळ भरत नाहीत, सगळे गिळतात, आणि काही पेस्टमधील झायलिटॉल या गोडी आणणाऱ्या पदार्थामुळे कुत्र्यांची रक्तातील साखर धोकादायकरीत्या उतरते. जाईने ब्रश स्वीकारायला सहा आठवडे घेतले. ज्या दिवशी तिने मान फिरवली, त्या दिवशी मी थांबले. बळजबरी केली असती, तर पुढचे सगळे दिवस गेले असते, असे मला वाटते.

चघळण्याच्या वस्तू घेताना मी आता अंगठ्याचे नख रुतवून पाहते. नख रुतत नसेल, तर ती वस्तू दातासाठी फार कठीण आहे. शिंगे, खुर आणि मोठी हाडे यांनी वरची मोठी दाढ चिरते. व्हेटरनरी ओरल हेल्थ कौन्सिल ही संस्था, पुरावे तपासून, प्लाक किंवा कीटण कमी करणाऱ्या उत्पादनांना शिक्का देते, म्हणून मी तो शिक्का पाहून घेते. मात्र ब्रशची जागा यांपैकी काहीच घेत नाही. ब्रश रोज करावा लागतो, कारण थर कठीण व्हायला दोन-तीन दिवसच लागतात. ताई आणि मी कॅलेंडरवर खूण करतो. मार्चपासून आमचे एकूण नऊ दिवस चुकले आहेत.

उजवीकडची ती खालची दाढ अजून आहे. १४ ऑगस्टला बंड्याला पुन्हा भूल देऊन तिचा एक्स-रे काढायचा आहे, त्याआधी जुलैच्या शेवटी पुन्हा इको आहे, आणि या वेळी मी रद्द झालेल्या वेळांच्या यादीत नाव नोंदवले आहे. फट ५ मिलिमीटरच्या पुढे गेली असेल, तर दाढ काढायची, हे डॉक्टरांशी आणि ताईशी बोलून झाले आहे. संमतीपत्र भरून फाइलमध्ये लावले आहे.